मोडशी आणि आव : आतड्यातील पेशींची दोन उत्तरे

कोकणात पोटाच्या विकारांना जी नावे परंपरेने चालत आली आहेत, त्यांचे सूक्ष्म निरीक्षण केल्यास दोन वर्ग स्पष्ट दिसतात. ढाळ, मोडशी, पटकी ही नावे एका वर्गातील. आव, रक्ती आव, मुरडा ही दुसऱ्या वर्गातील. पहिल्या वर्गातील शब्दांनी पाण्यासारखे जुलाब, गळून जाणे, हातापायांत गोळे येणे ह्या गोष्टी सूचित होतात. दुसऱ्या वर्गातील शब्दांत कळ, कुंथणे, शेंब आणि रक्त ह्यांचा निर्देश असतो. ‘मुरडा’ हा शब्द मुरडण्यापासून आला आहे आणि ‘आव’ हा संस्कृत ‘आम’ शब्दाचा वंशज आहे. रत्नागिरीतील वृद्ध स्त्रियांना हा भेद शिकवावा लागत नाही. घरातील मुलास ‘नुसते ढाळ’ होत आहेत की ‘आव पडते’ आहे, हे त्या प्रथम विचारतात.

‘मोडशी’ ह्या शब्दाचा इतिहास तर फार बोलका आहे. गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात पटकीचे वर्णन केले असून तिचे देशी नाव ‘मोर्शी’ असे नोंदविले आहे. पुढे युरोपीय लोकांच्या तोंडी ह्या शब्दाचे रूप इतके पालटले की फ्रेंच भाषेत त्याचा ‘कुत्र्याचे मरण’ असा अर्थ होणारा शब्दसमूह बनला. यूल व बर्नेल ह्यांनी १८८६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ ह्या कोशात ह्या रूपाचे मूळ कोकणी-मराठीतील ‘मोडणे’ ह्या धातूत दाखविले आहे. मोडशी म्हणजे मनुष्य मोडून पडणे, कोसळणे. आज हा शब्द साध्या अपचनासही लावतात. अर्थाची ही क्षीणता पटकीच्या साथी ओसरल्याचेच द्योतक मानावयास हवे.

दोन्ही वर्गांतील पुष्कळ विकार दूषित अन्नपाण्यातून शिरणाऱ्या सूक्ष्मजंतूंमुळे होतात. मग एका जंतूने मनुष्य पाणी होऊन वाहून जावा आणि दुसऱ्याने त्याच्या आतड्यास व्रण पडून रक्त यावे, असे का व्हावे? हा भेद केवळ जंतूच्या विषाचा नाही. आतड्याच्या अस्तरातील पेशी त्या जंतूस कोणते उत्तर देतात, ह्यावर तो मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. ह्या उत्तराचे स्वरूप उलगडून दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम ह्या अस्तराची कल्पना घेतली पाहिजे. मनुष्याच्या पचनमार्गाच्या आतील पृष्ठभागाचे क्षेत्र सुमारे ३० चौरस मीटर भरते, आणि त्याचा फार मोठा भाग आतड्याचा असतो. आतड्यात ह्या सर्व पृष्ठभागावर पेशींचा एकच थर असतो. ह्या थराच्या एका बाजूस अन्न व अब्जावधी सूक्ष्मजंतू, तर दुसऱ्या बाजूस रक्तवाहिन्या व शरीराच्या संरक्षक पेशी. शेजारशेजारच्या पेशी प्रथिनांच्या घट्ट सांध्यांनी जोडलेल्या असतात. अधूनमधून श्लेष्मा स्रवणाऱ्या पेशी असतात. त्यांच्या बुळबुळीत आवरणामुळे जंतू दूर राहतात. लहान आतड्यातील खाचांच्या तळाशी असलेल्या पानेट पेशी जंतुनाशक द्रव्ये सोडतात. हे अस्तर तीन ते पाच दिवसांत नवे होते, जुन्या पेशी गळून पडतात. ही भिंत अशी सतत पडत व उभी राहत असते.

आता पटकीचा विचार करू. रॉबर्ट कॉख ह्यांनी १८८४ साली कलकत्त्यात पटकीच्या जंतूविषयीचा आपला निष्कर्ष पक्का केला. परंतु हा जंतू माणसास कसा मारतो, हे त्यानंतर पाऊणशे वर्षे नीट कळले नव्हते. १९५९ साली कलकत्त्यात शंभुनाथ डे ह्यांनी जंतू गाळून काढलेल्या द्रवाने सशाच्या आतड्यात पाणी साचते, असे सिद्ध केले. त्याच वर्षी मुंबईच्या हाफकीन संस्थेतील दत्त, पानसे व कुलकर्णी ह्यांनी सशाच्या पिलांवरील प्रयोगांनी पटकीतील विषाचा वाटा दाखविला. हे विष अस्तरातील पेशीत शिरून तिच्या आतील एक कळ कायमची दाबून ठेवते. पेशी क्लोराइड बाहेर टाकू लागते आणि त्यामागोमाग पाणी वाहते. मळाचे रूप भाताच्या पेजेसारखे होते. परंतु ह्या सगळ्या प्रकारात पेशी मरत नाही, अस्तर फाटत नाही, आणि शरीराचे संरक्षक सैन्य मोठ्या संख्येने तेथे धाव घेत नाही. जंतू श्लेष्म्यात व पेशींच्या माथ्यावरच राहतो.

पेशी शाबूत राहतात, हीच रोग्याच्या बचावाची किल्ली ठरली. ग्लुकोज व सोडियम एकत्र शोषून घेण्याची पेशीची क्षमता पटकीतही टिकून असते. म्हणूनच १९७१ साली बांगलादेशातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य रोग्यांचे प्राण वाचविले. मोडशीने मोडून पडलेला मनुष्य पाणी व क्षार परत मिळताच उभा राहतो, ह्याचे कारण त्याच्या आतड्याची भिंत मोडलेली नसते.

आव पडण्याची कथा वेगळी आहे. १८९७ साली जपानमध्ये कियोशी शिगा ह्यांनी शोधलेला रक्ती आवेचा जंतू, शिगेला, अगदी थोड्या संख्येनेही रोग उत्पन्न करतो. दहा ते शंभर जंतू पुरेसे होतात. तो पेशीच्या आत शिरतो आणि तेथून शेजारच्या पेशीत जातो. ह्या वेळी अस्तरातील पेशी जे उत्तर देते, त्यास वैद्यकात दाहयुक्त सूज किंवा शोथ म्हणतात. ‘दाह’ ह्या शब्दात जळणे आहे, ‘शोथ’ ह्या शब्दात फुगणे. रोमन लेखक सेल्सस ह्याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात सांगितलेल्या लाली, सूज, उष्णता व वेदना ह्या चार लक्षणांपैकी दोन लक्षणे ह्या दोन शब्दांत आली आहेत. एकही शब्द संपूर्ण नाही. परंतु दोहोंवरूनही एक गैरसमज होण्याचा संभव आहे, तो असा की ही आग जंतू लावतो. वस्तुतः ती शरीर लावते, आणि पहिली ठिणगी बहुधा अस्तरातील पेशीच टाकते.

पेशीस जंतू कसा ओळखू येतो? १९८९ साली चार्ल्स जेनवे ह्यांनी असा तर्क मांडला की, जंतूंच्या शरीरात वारंवार आढळणाऱ्या ठरावीक घटकांची ओळख पटविणारे ग्राही शरीराजवळ उपजतच असले पाहिजेत. १९९६ साली झुल हॉफमन व त्यांचे सहकारी ह्यांनी फळमाशीत ‘टोल’ नावाच्या प्रथिनाचे संरक्षणकार्य दाखविले, १९९८ साली ब्रूस बॉयटलर ह्यांनी सस्तन प्राण्यांतील तत्सम ग्राहीचे कार्य उलगडले. ह्या दोघांना २०११ सालच्या नोबेल पारितोषिकाचा भाग मिळाला. टोल-सदृश ग्राहींपैकी पाचव्या क्रमांकाचा ग्राही जंतूच्या कशाभिकेतील फ्लॅजेलीन ह्या प्रथिनास ओळखतो, हे २००१ साली सिद्ध झाले.

येथे एक अडचण उभी राहते. आतड्यात निरुपद्रवी जंतू अब्जावधी आहेत आणि त्यांतील कित्येकांना कशाभिका आहेत. प्रत्येक फ्लॅजेलीन पाहून पेशीने आरोळी ठोकली, तर मनुष्याचे आतडे जन्मभर जळत राहील. ह्या अडचणीचे एक उत्तर त्याच वर्षी, २००१ साली, अमेरिकेतील गेविर्ट्झ व मदारा ह्यांच्या प्रयोगांतून मिळाले. आतड्याच्या पेशींच्या थरावर अन्नाच्या बाजूने फ्लॅजेलीन घातले, तर काही घडले नाही. तेच तळाच्या बाजूने घातले असता दाहाचा संदेश सुटला. म्हणजे पेशी नुसते ‘काय’ एवढेच पाहत नाही, ‘कोठे’ हेही पाहते. फ्लॅजेलीन दाराबाहेर दिसले तर तो नित्याचा शेजार. घरात दिसले तर दार फुटले आहे. अर्थ एकट्या शब्दात नसून तो कोणत्या स्थानी उच्चारला गेला ह्यातही असतो, हे भाषेच्या अभ्यासकास ठाऊक असलेले तत्त्व पेशीच्या व्यवहारातही आढळावे, हे लक्षणीय आहे.

शिगेलास कशाभिका नसते. त्यामुळे हा पहारा त्याच्या बाबतीत निरुपयोगी ठरतो. त्यासाठी पेशीच्या आत दुसरा पहारेकरी असतो. नॉड-१ नावाचे प्रथिन पेशीच्या जीवद्रव्यात असून ते जंतूच्या भित्तिकेचे विशिष्ट तुकडे ओळखते. ते नेमके काय ओळखते, हे २००३ साली निश्चित झाले. जीवद्रव्यात असे तुकडे मिळणे हा जंतू आत शिरल्याचा पुरावाच होय.

ओळख पटल्यावर संदेश केंद्रकापर्यंत जातो. ह्या टप्प्यावरील मुख्य प्रथिन एनएफ-कप्पा-बी हे होय. १९८६ साली रंजन सेन व डेव्हिड बाल्टिमोर ह्यांनी त्याचा शोध लावला. एरवी ते एका रोधक प्रथिनाने बांधून ठेवलेले असते. संदेश येताच ह्या रोधकावर नाशाची खूण केली जाते, पेशीची मोडतोड करणारी यंत्रणा त्याचा चुरा करते, आणि मोकळे झालेले एनएफ-कप्पा-बी केंद्रकात जाऊन दाहाची जनुके चालू करते. पेशीने हे प्रथिन नव्याने बनविण्याची वाट पाहावी लागत नाही. ते आधीच सिद्ध असते. म्हणूनच उत्तर काही मिनिटांत सुरू होऊ शकते.

ह्या जनुकांपैकी एकाचे फळ म्हणजे इंटरल्यूकिन-८ हा संदेशवाहक. अस्तरातील पेशी तो तळाच्या बाजूस, रक्तवाहिन्यांच्या दिशेने सोडते. त्याच्या मागावर न्यूट्रोफिल जातीच्या श्वेत पेशी रक्तवाहिन्यांतून बाहेर पडतात, अस्तरापर्यंत येतात आणि पेशींमधील सांधे उचकटून आतड्याच्या पोकळीत उतरतात. त्या जंतूंना गिळतात. परंतु त्यांची शस्त्रे, म्हणजे ऑक्सिजनची तीव्र संयुगे व प्रथिने विरघळविणारी एंझाइमे, शत्रुमित्र निवडीत नाहीत. अस्तर झिजते, व्रण पडतात, रक्त व श्लेष्मा मळात येतो. आजीबाई ज्यास आव म्हणतात, त्यात ह्या श्वेत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोठ्या संख्येने दिसतात.

मग हा दाह उपकारक की अपकारक? पॅरिसच्या पास्तर संस्थेतील फिलिप सान्सोनेत्ती ह्यांच्या गटाने १९९९ साली प्रसिद्ध केलेला सशांवरील प्रयोग ह्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देतो. शिगेलाची बाधा झालेल्या आतड्यात इंटरल्यूकिन-८ निष्प्रभ केले असता अस्तराची नासधूस कमी झाली. परंतु जंतू अधिक खोल शिरले व रक्तापर्यंत पोहोचू लागले. म्हणजे आतड्याने आपल्या भिंतीचा बळी देऊन उरलेले शरीर राखले होते. आव हा रोगही आहे आणि संरक्षणाची किंमतही आहे.

कमी किमतीचा एक उपायही पेशीजवळ असतो. काही जंतूंजवळ सुईसारखा एक सूक्ष्म अवयव असतो. त्यातून ते आपली प्रथिने पेशीत टोचतात. ह्या सुईचे घटक किंवा फ्लॅजेलीन पेशीच्या आत आढळल्यास दाहपिंड नावाचा प्रथिनसमूह जुळून येतो. २०१४ साली झुरिक येथे उंदरांवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले की, साल्मोनेला शिरलेली पेशी ह्या मार्गाने भिंतीतून स्वतःस सोडवून पोकळीत गळून पडते व जंतूलाही बरोबर नेते. शेजारच्या पेशी लागलीच खिंडार बुजवितात. दर काही दिवसांनी पेशी गळण्याची जी नित्याची रीत, तीच येथे शस्त्र म्हणून वापरली जाते.

परंतु साल्मोनेला ह्या जंतूने ह्या सर्व व्यवस्थेवर मात करण्याचा विलक्षण मार्ग काढला आहे. तो दाह टाळीत नाही. तो दाह मागतो. त्याने टोचलेली प्रथिने पेशीची आतील कळसूत्रे अशी हलवितात की पेशी दाहाचा संदेश सोडतेच. श्वेत पेशींनी सोडलेल्या ऑक्सिजनच्या संयुगांमुळे आतड्यातील एका गंधकयुक्त द्रव्याचे टेट्राथायोनेटमध्ये रूपांतर होते. साल्मोनेला टेट्राथायोनेटच्या साहाय्याने श्वसन करू शकतो. आतड्यातील बहुसंख्य निरुपद्रवी जंतूंना ते जमत नाही. त्यामुळे आग लागली की इतर जंतू मागे पडतात आणि साल्मोनेला फोफावतो. कॅलिफोर्नियातील बॉइम्लर ह्यांच्या गटाने २०१० साली हे दाखवून दिले. विशेष असे की, साल्मोनेला वेगळा काढण्यासाठी टेट्राथायोनेटयुक्त द्रवाचा उपयोग प्रयोगशाळांत १९२३ पासून होत आला होता. हे द्रव्य त्या जंतूस का मानवते, ह्याचे उत्तर आतड्याच्या दाहातच दडलेले होते.

ह्या विवेचनाचा रत्नागिरीच्या किनाऱ्याशी निकटचा संबंध आहे. ओहोटीच्या वेळी भाट्ये व काळबादेवीच्या खाड्यांतून कालवे व तिसऱ्या गोळा करणे हा येथील अनेक कुटुंबांचा जुना व्यवसाय. हे प्राणी पाणी गाळून अन्न मिळवितात, त्यामुळे पाण्यातील जंतू त्यांच्या शरीरात साठतात. उष्ण, मचूळ पाण्याचा स्वाभाविक रहिवासी असा एक जंतू म्हणजे व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकस, पटकीच्या जंतूचा भाऊबंद. १९५० साली जपानमधील ओसाका येथे अर्धवट सुकविलेली लहान मासळी खाऊन २७२ माणसे आजारी पडली, त्यांपैकी २० दगावली. त्या वेळी त्सुनेसाबुरो फुजिनो ह्यांनी तो शोधून काढला. पुढे १९९६ साली कलकत्त्यात ह्या जंतूचा एक नवा वाण आढळला व तो जगभर पसरला.

ह्या जंतूचा विकार वरील दोन वर्गांच्या सीमेवर पडतो. जुलाब बहुधा पाण्यासारखे असतात, पण पोटात जोराची कळ येते व काही रोग्यांच्या मळात रक्तही दिसते. टीडीएच नावाचे त्याचे विष दीर्घकाळ मुख्य कारण मानले जात होते. २०१२ साली अमेरिकेत सशाच्या पिलांवर, म्हणजे हाफकीन संस्थेतील दत्त ह्यांनी पटकीसाठी वापरलेल्या प्राण्यावरच, झालेल्या प्रयोगांनी वेगळे चित्र पुढे आणले. आतड्यात पाणी साचणे, दाह व अंकुरांची मोडतोड ह्यांसाठी जंतूची टोचणारी सुई आवश्यक ठरली. टीडीएच विष नसतानाही विकार झाला. सर्वच वाण रोगकारक नसतात, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. मंगळूर येथील संशोधकांनी नैर्ऋत्य किनाऱ्यावरील कालवांवर केलेल्या व २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत जंतू बहुतेक नमुन्यांत सापडला. टीडीएचचे जनुक मात्र थोड्याच नमुन्यांत होते. समुद्राकाठी राहणाऱ्यांचा ह्या जंतूशी शेजार आहे, वैर क्वचितच होते.

कोकणात कालवे कच्ची खाण्याची चाल नाही. नीट उकळलेल्या कालवणात हा जंतू जगत नाही. धोका असतो तो दुसरीकडे : बर्फाविना उन्हात पडलेल्या मासळीत हा जंतू फार वेगाने वाढतो, आणि ज्या विळीवर मासळी चिरली तिच्यावरच न धुता कोशिंबिरीची काकडी चिरली, तर तो शिजविल्याविना पोटात जातो.

दोन उत्तरांमधील भेद व्यवहारातही महत्त्वाचा आहे. नुसत्या ढाळांत क्षार-साखरेचे पाणी हाच मुख्य उपचार. रक्त पडत असल्यास हे पाणी द्यावयाचेच, कारण पाणी तेथेही जाते. परंतु तेवढ्याने भागत नाही. अस्तर जखमी झालेले असते, जंतू भिंतीत शिरलेला असतो, म्हणून वैद्याच्या सल्ल्याने योग्य प्रतिजैविक द्यावे लागते. आतड्याची हालचाल थांबविणारी औषधे मुलांना देऊ नयेत, रक्त पडत असताना तर मुळीच नव्हे. जंतूंना बाहेर घालविण्याचा मार्गच त्यामुळे बंद होतो.

ह्याहून गंभीर प्रश्न न दिसणाऱ्या दाहाचा आहे. अस्वच्छ परिसरात वाढणाऱ्या मुलांच्या आतड्यात, आव वा ढाळ नसतानाही, सौम्य दाह सतत चालू असल्याचे अनेक देशांत आढळले आहे. अंकुर आखूड होतात, भिंत पाझरू लागते, खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. मुलांची उंची खुंटण्याशी ह्याचा संबंध जोडला जातो. बांगलादेश, केनिया व झिंबाब्वे येथे झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत साधे शौचकूप, हात धुणे व पाणी शुद्ध करणे एवढ्याने मुलांची उंची वाढल्याचे दिसले नाही. अर्धी स्वच्छता आतड्यातील पेशींची समजूत घालू शकत नाही, असाच ह्याचा एक अर्थ लावला जातो.

ह्या अवस्थेस मराठीत रूढ नाव नाही. मोडशीत मनुष्य कोसळतो, मुरड्यात तो कळवळतो. म्हणून त्यांना नावे मिळाली. जे मूल जेवते, खेळते आणि तरीही वाढत नाही, त्याच्या आतड्यातील मंद आगीकडे भाषेचे लक्ष गेले नाही. ‘ढाळ की आव’ ह्या आजीबाईंच्या प्रश्नाने रोगाचे दोन प्रकार ओळखले होते आणि पेशीविज्ञानाने त्या ओळखीस दुजोरा दिला. तिसऱ्या प्रकारासाठी तसा प्रश्न घरोघरी विचारला जाईल असा साधा शब्द अद्याप घडावयाचा आहे.